गॅस सोडायचा असेल तर सुरुवात न्हाणीपासून करा

घरची वीज : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

मागच्या अंकात, गोव्यातल्या बोरीच्या आमच्या घरातून गॅस गेला, असे मी जाता जाता दोन ओळींत लिहिले होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे पान त्यालाच देते आहे. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. मी २६ वर्षे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना शिकवले आणि तितकीच वर्षे घरचा स्वयंपाकही केला. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते टेस्टर आणि उलथने, दोन्ही हातांत धरलेल्या बाईचे आहे.

साखळीहून एक वाचक लिहितात : बाई, नमस्कार. आमचे घर चिऱ्यांचे, वडिलांनी बांधलेले. स्वयंपाकघरात दोन सिलिंडर, न्हाणीत गॅस गीझर. मुलगा बंगळूरला असतो. तो म्हणतो, बाबा, आता सगळे विजेवर करा, इंडक्शन मी पाठवतो. आम्ही दोघेही सत्तरीच्या पुढचे. सुरुवात कुठून करावी?

इंडक्शन पाठवायची घाई करू नको, असे मुलाला सांगा. आधी न्हाणीतला गॅस गीझर काढा. पुढे कधीतरी नव्हे, आज संध्याकाळीच त्याचा कॉक बंद करा.

एवढ्या निकराने का सांगते ते ऐका. २०१९ च्या डिसेंबरात माझा भाचा, तेव्हा सतरा वर्षांचा, आंघोळीला गेला. पहाटे गारवा होता म्हणून त्याने न्हाणीची खिडकी लावून घेतली. वीस मिनिटे झाली, नळ चालूच. माझ्या बहिणीने हाका मारल्या, उत्तर नाही. शेजाऱ्याने कडी तोडली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, ओठ निळसर नव्हे तर उलट तांबूस. अंगणात आणून वाऱ्यावर ठेवला, मग दवाखान्यात ऑक्सिजन लावला. वाचला. गीझर नवा होता, ज्योतही निळी होती. बंद खोलीत जळणारा गॅस तिथलाच ऑक्सिजन खातो. तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणसाला फक्त जड वाटते आणि खाली बसावेसे वाटते. दार आतून लावलेले असते.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी आंघोळीचे पाणी, मग वायरिंग, मग चहा-दूध आणि भात, आणि सगळ्यांत शेवटी बाकीचा स्वयंपाक.

गोव्यात आंघोळीच्या पाण्याला वीज फार लागत नाही. नळाचे पाणीच २६-२७ अंशांचे असते. १५ लिटरची बादली ४२ अंशांपर्यंत तापवायला पाव युनिटच्या आसपास वीज पुरते. दोघांना १५ लिटरचा, २००० वॅटचा साठवणीचा गीझर भरपूर झाला. भिंतीवर बसतो तो ३ लिटरचा इन्स्टंट गीझर घेऊ नका. तो ३००० वॅट ओढतो आणि जुन्या वायरिंगचा जीव काढतो. घराला सोपा, म्हणजे ओसरी, असेल आणि हात सैल असेल तर हीट पंपाचा विचार करा. तो हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो, म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांचे पाणी तापते, आणि आपल्या दमट उबदार हवेत तो चांगला चालतो. परसात भाण (पाणी तापवायचे तांब्याचे भांडे) आणि चुडतांची, म्हणजे नारळाच्या वाळक्या झावळ्यांची, सोय अजून असेल तर तीही मोडू नका. धूर उघड्यावर जातो आहे तोवर भाणासारखे दुसरे काही नाही.

आता वायरिंग. चिऱ्यांचे जुने घर म्हटले की मला लाकडी पट्टीवरची वायर, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि स्वयंपाकघरात फ्रिजमागचा एकच पॉइंट दिसतो. इंडक्शन पूर्ण जोरावर २००० वॅट घेते, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपियर. पाच अँपियरचा पॉइंट ते झेपवत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी दुकानदाराच्या माणसाने शेगडी पोचवली, कन्व्हर्टर लावून मिक्सरच्या पॉइंटला जोडली, चहा करून दाखवला आणि गेला. तिसऱ्या आठवड्यात सॉकेट कॉफीच्या रंगाचे झाले. स्वयंपाकघरासाठी पंधरा अँपियरचा वेगळा पॉइंट हवा, मेन बोर्डापासून थेट, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरने, स्वतःच्या एमसीबीसह (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच). दोन चुलींची शेगडी असेल किंवा वायरीचा पल्ला लांब असेल तर ४ चौरस मिलिमीटर. गीझरलाही असाच वेगळा. दोन्ही एका वायरीवर कधीच नको.

हे सगळे कुठलाही जाणता वायरमन सांगेल. जे सहसा कोणी सांगत नाही ते अर्थिंगचे, म्हणजे उपकरणात गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तारेचे. आपल्याकडे जमीन जांभ्याची. पावसात ती पाणी पिऊन बसते, पण एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी होते की तिच्यात गाडलेली अर्थची तार नुसती गाडलेली राहते. माझ्याच घरी मेच्या दुसऱ्या आठवड्यात अर्थ टेस्टर लावला तर काटा ३८ ओहमवर (ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा; जितका कमी तितके अर्थिंग चांगले). साधा हिशेब करा. गीझरच्या आतली फेज, म्हणजे जिवंत तार, टाकीला लागली तर २३० भागिले ३८, म्हणजे सहा अँपियर जमिनीत जाणार. सोळा अँपियरच्या एमसीबीला सहा अँपियर म्हणजे काहीच नाही, तो दिवसभर तसाच बसून राहील. आणि टाकी, नळ, ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस, सगळे विजेच्या वाटेत. आमचा वायरमन म्हणाला, "बाई, इतकी वर्षे काही झाले नाही ना?" झाले नव्हते, कारण तोवर घरात ओल्या हाताने लावण्यासारखे मोठे उपकरणच नव्हते.

माडाच्या आळ्याशेजारी, जिथे बाराही महिने ओल असते, तिथे आम्ही नवा खड्डा घेतला. कुदळीने दोन फूट माती निघाली, पुढे कातळ लागला. ड्रिलने अडीच मीटर खाली गेलो, ४० मिलिमीटरचा जस्ती पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि वर झाकणाचे तोंड ठेवले. मेमध्ये त्यात मी आठवड्याला दोन घागरी पाणी ओतते. आता काटा ४ ओहमवर असतो. शिवाय बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवली; वीज थोडी जरी भलतीकडे गळली तरी ती लगेच पुरवठा तोडते. अर्थिंग चांगले आहे म्हणून आरसीसीबी नको, किंवा आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असले हिशेब ऐकू नका. दोन्ही हवेत. आरसीसीबीवर टेस्टचे बटण असते. दर महिन्याच्या एक तारखेला ते दाबायचे. दाबल्यावर घरातली वीज तुटली तर आरसीसीबी शाबूत आहे.

मुलाला खर्च करायचाच असेल तर त्याला सांगा, शेगडी स्वस्त आहे, खड्ड्याचे पैसे पाठव.

म्हापशाहून एक गृहिणी विचारतात : आम्ही फ्लॅटमध्ये चौघे. सिलिंडर साधारण दीड महिना जातो. विजेवर केले तर परवडेल का? नवरा म्हणतो बिल दुप्पट होईल.

तुमच्या घरासारखेच आमचे. सिलिंडर ४८ दिवस जायचा. मी इंडक्शनच्या पॉइंटला छोटे मीटर लावून पूर्ण महिना नोंद ठेवली : ३० दिवसांत ७८ युनिट. म्हणजे ज्या काळात एक सिलिंडर संपायचा त्या काळात सुमारे १२५ युनिट. हा आकडा पुस्तकी हिशेबाशीही जुळतो. १४.२ किलो गॅसमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. उत्तम बर्नरही तिच्यातली दोनतृतीयांशच्या आसपास भांड्याला देतो, बाकी कडेने वर जाते, आणि तीच उष्णता तुम्ही मेमध्ये ओट्याशी उभ्या राहून अंगावर घेता. इंडक्शनमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात उतरते, कारण तापते ते भांडेच.

मग करायचे एवढेच : सिलिंडरची किंमत भागिले १२५. समजा घरपोच ९०० रुपयांना पडत असेल तर ७ रुपये २० पैसे आले. तुमचा विजेचा दर त्याहून खाली असेल तर वीज स्वस्त. पण दर कुठला धरायचा, इथे बहुतेक जण चुकतात. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करू नका. वीज खात्याचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, आणि स्वयंपाकाची ७०-८० युनिटे तुमच्या आत्ताच्या वापराच्या वर चढून बसणार, सगळ्यांत वरच्या टप्प्यात. त्या टप्प्याचा दर धरा. मागचे बिल काढून बघा, टप्पे त्यावरच छापलेले असतात. गोव्यातले घरगुती दर शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी आहेत, म्हणून इथे हिशेब बहुतेकांना जमतो. दोन खोल्यांत रात्रभर एसी चालत असेल तर फायदा कमी होईल, पण बिल दुप्पट होणार नाही. चौघांच्या घरात महिन्याला ७०-८० युनिट वाढतील, हे यजमानांना आकड्यासकट सांगा.

आणखी एक. फ्लॅटमध्ये मंजूर लोड किती ते बिलावर पाहा. शेगडी २०००, गीझर २०००, इस्त्री १०००, वॉशिंग मशीन, एसी, सगळे सकाळी सात ते आठमध्ये आले की मेन पडणार. एक तर लोड वाढवून घ्या, नाहीतर गीझर पहाटेच उरकून बंद करायची सवय लावा. आमच्याकडे सवयीवर भागले.

काणकोणहून एक वाचक भगिनी : सासूबाईंचे मातीचे कुंडले, पितळी टोप, लोखंडी तवा, बिडाची कढई. यातले काय टाकायचे? हुमण (माशांची आमटी) कुंडल्याशिवाय मला आवडत नाही. भाकरी फुगेल का? आणि बांगडे भाजायचे कसे?

काहीही टाकू नका.

फ्रिजवर चिकटवतो तो लोहचुंबक घ्या आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटला तर ते भांडे चालेल. तवा आणि बिडाची कढई चालणारच, फक्त बूड सपाट हवे. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम आणि माती चालणार नाही. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीसेक हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि भांड्याच्या बुडातच वीज खेळवून ते तापवतो. त्यासाठी बूड लोखंडी जातीचे लागते. स्टीलचे सगळेच डबे-टोप चिकटत नाहीत, म्हणून दुकानातही चुंबक पिशवीत घेऊन जा.

पितळी टोपासाठी इन्फ्रारेड शेगडी मिळते. दिसते इंडक्शनसारखी, पण तिच्यात तार लाल होऊन काच तापते. तिला कुठलेही सपाट भांडे चालते. वीज थोडी जास्त घेते आणि बंद केल्यावर काच दहा मिनिटे भाजते, तेव्हा लहान मूल असेल तर जपून. पापड आणि फुलका तिच्यावर जाळी ठेवून होतो. भाकरी मी इंडक्शनवरच करते : बिडाचा तवा १२०० वॅटवर चांगला तापू द्यायचा, पाणी लावलेली बाजू वाळली की उलटायची, आणि दुसऱ्या बाजूने सुती फडक्याची बोळी करून कडेकडेने दाबत फिरवायची. फुगते. पहिल्या आठवड्यात माझ्याही चामट झाल्या, कारण गॅसवर हाताला आच कळते, इथे नुसता आकडा दिसतो. तव्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो नाचत पळाला की तवा तयार.

फोडणीला सांभाळा. तेल क्षणात तापते, मोहरी करपते. ८०० च्या वर जाऊ नका. दुधाचेही तसेच. स्वस्त शेगड्या मंद आच देतच नाहीत, त्या काही सेकंद पूर्ण जोरात चालतात, काही सेकंद बंद राहतात. म्हणून ४०० वर ठेवलेले दूधसुद्धा एका झटक्यात वर येते. उकड्या तांदळाच्या पेजेला हीच गोष्ट उपयोगी पडते. एक जोरदार उकळी आणून झाकण लावून बंद करायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा उकळी. शीत फुलते आणि वीजही निम्मी लागते.

बांगडे मात्र काचेवर नकोत. चरबी गळते, धूर होतो, काच डागाळते. छोट्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर, मीठ-हळद लावून, पंधरा-वीस मिनिटे. ते चांगले लागतात, पण करवंटीच्या निखाऱ्यावरच्या बांगड्याची चव येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आमची परसातली चूल मी ठेवली आहे. रविवारी तिच्यावर कुंडल्यातले हुमण आणि निखाऱ्यावर बांगडे. आठवड्यातून एकदा, उघड्यावर. तुम्हीही तसेच करा.

मडगावहून एक वाचक : मला पेसमेकर बसवला आहे. इंडक्शनजवळ गेलो तर चालेल का?

चालू शेगडी आणि छाती यांत किमान दोन फूट अंतर हवे. वाकून ढवळायचे नाही, भांडे मधोमध ठेवायचे, वेटोळ्यापेक्षा लहान भांडे वापरायचे नाही. तरी तुमच्या डॉक्टरांना पेसमेकरच्या कार्डासकट एकदा विचारा. तुमच्यासाठी मी इन्फ्रारेडच सुचवेन. तिच्यात इंडक्शनसारखे जोरदार बदलते चुंबकीय क्षेत्र नसते, मनात धाकधूकही राहत नाही.

पणजीहून एक कॉलेजविद्यार्थिनी : गॅस सोडला की आपल्या घराचे कार्बन उत्सर्जन किती कमी होते? मला आई-बाबांना पटवायचे आहे.

बाळ, तुला खरे तेच सांगते. नुसता गॅस सोडून ते आज कमी होत नाही. एक सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्याऐवजी १२५ युनिट घेतली, तर आपली बहुतेक वीज बाहेरून, कोरबा-विंध्याचलसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून येते, आणि देशाच्या ग्रिडवर, म्हणजे सामाईक वीजजाळ्यात, युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम पडतात. म्हणजे ८५ ते ९० किलो. दुप्पट. हे न सांगता आई-बाबांना पटवलेस आणि त्यांनी कुठे वाचले, तर पुढचे काहीच ते ऐकणार नाहीत.

मग मी का केले? एक कारण न्हाणीतले, ते वर लिहिले. दुसरे, गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो दमेकऱ्यांना बाधतो. माझ्या सुनेला दमा आहे. तिसरे, सिलिंडर गॅसच राहणार, पण ग्रिडमध्ये सूर्य आणि वारा दरवर्षी वाढत जाणार, आणि छतावर तर तो आजच आणता येतो. छतावरच्या सौर पॅनेलसाठीची पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, असे ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान मिळते. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो. जुलैत त्याहून बरेच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. आमचा स्वयंपाक दिवसाला २.६ युनिटांचा, म्हणजे एक किलोवॅटपेक्षा कमीच. तेव्हा आई-बाबांकडे शेगडी मागू नकोस, छत माग. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या गच्चीबद्दल विचार.

कौलारू छतावर पॅनेल बसवताना मात्र कौलांवर भार टाकू देऊ नका. खालून वाशांना किंवा भिंतीला धरून लोखंडी सांगाडा हवा.

डिचोलीहून एक आजोबा : पहिला पाऊस पडला की आमच्याकडे फांदी पडून लाइन जाते, कधी सहा तास. तेव्हा जेवायचे काय? आणि संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरते की ट्यूब लागत नाही.

आजोबा, तुमचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. १५० अँपियर-तासाच्या बॅटरीत जेमतेम १.८ युनिट असते, आणि घरचा इन्व्हर्टर ६००-७०० वॅटच्या वर ओढू देत नाही. दिवे-पंखे ठीक, शेगडी नाही. छतावर पॅनेल असले तरी लाइन गेली की तेही बंद पडतात. रस्त्यावर तार दुरुस्त करणाऱ्या लाइनमनला आपल्या घराकडून उलटी वीज जाऊ नये म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असते.

व्होल्टेजचे असे, की २३० चे १८० झाले तर २००० वॅटचा गीझर जेमतेम १२०० वॅटचा उरतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. पाणी तापते, वेळ लागतो. इंडक्शन मात्र फारच उतरले तर बीप देऊन थांबते. रोजच असे होत असेल तर वीज खात्याच्या उपविभागात लेखी अर्ज द्या, वेळ आणि मोजलेले व्होल्टेज लिहून. नुसत्या तोंडी तक्रारीला आकडा नसतो.

म्हणून तुम्ही गॅस एकदम सोडू नका. दोन सिलिंडर असतील तर एक परत करा, एक ठेवा. एक पूर्ण पावसाळा आणि एक चवथ (गणेशचतुर्थी) त्या एकावर काढून बघा. ठेवलेला सिलिंडर उभाच ठेवायचा, बंद कपाटात नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. नारिंगी नळीवरची तारीख पाहा, पाच वर्षे झाली की बदला, वापर नसला तरी.

आमच्या घरी २०२३ च्या चवथीला एकोणीस माणसे होती. खतखते, मुगागाठी, नेवऱ्या, पातोळ्या, सगळे दोन इंडक्शनवर आणि परसातल्या चुलीवर झाले. गीझर सकाळी सहालाच बंद केला होता. दुपारी दीडला लाइन गेली, तेव्हा पातोळ्यांचा शेवटचा घाणा मोदकपात्रात होता. तो मी उचलून चुलीवर ठेवला. सिलिंडर कोपऱ्यात भरलेला होता, त्याला हात लावावा लागला नाही. नोव्हेंबरात तो, रेग्युलेटर आणि सबस्क्रिप्शन व्हाउचर (गॅसची जोडणी घेताना मिळालेला कागद) घेऊन यजमान एजन्सीत गेले आणि अनामत रक्कम घेऊन आले. व्हाउचर जपून ठेवले असेल तर हे काम एका खेपेत होते, तेव्हा आजोबा, आजच ते कुठल्या ट्रंकेत आहे ते बघून ठेवा.